चॉकलेटचा तुकडा आणि वजनाचा हिशोब

शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या सगळ्या गटांच्या ताया, वहिनी, मावश्या, आणि चुलीपाशी मोबाइल ठेवून भाकऱ्या थापता थापता हा कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्या जणींना माझा नमस्कार. मी बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी आपण इथे कर्जाबद्दल, विम्याबद्दल, कागदपत्रांबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज आपण चॉकलेटबद्दल बोलणार आहोत.

हसू नका. गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या की खऱ्या गप्पा सुरू होतात, आणि त्या हल्ली बहुतेक वेळा वजनावर येतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला बीपीची गोळी लागली, कुणाला दवाखान्यात सांगितलंय की पाच किलो तरी उतरवा. मग एखादी ठामपणे सांगते, "मी गोड बंदच केलंय. चहात साखर नाही, चॉकलेट नाही, काही नाही." पुढच्या महिन्यात तीच सांगते की पोराच्या वाढदिवसाला आणलेली कॅडबरी रात्री सगळे झोपल्यावर एकटीनेच संपवली. वर म्हणते, "आता मोडलंच आहे, तर जाऊ दे." आणि मग सगळंच जाऊ देते, चालणंही आणि भाताचं मापही.

अशा जणींना मला एकच गोष्ट सांगायची आहे. वजन कमी करायला चॉकलेट आयुष्यातून हाकलायची गरज नाही. त्याचं माप ठरवायचं, त्याची वेळ ठरवायची, आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी कमी करायचं. गटात आपण उधळपट्टी करत नाही, पण सण आला म्हणून खर्चच करायचा नाही असंही म्हणत नाही. खर्च वहीत लिहितो. खाण्याचंही तसंच आहे.

आधी बघा, वजन कमी करायची गरज आहे का?

हे आधी सांगते, कारण आपल्या भागात दोन्ही टोकं आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात साधारण पाचातली एक बाई गरजेपेक्षा कमी वजनाची निघाली, आणि चारातली जवळजवळ एक जास्त वजनाची. म्हणजे एकाच सतरंजीवर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. शेजारणीने भात सोडला म्हणून तुम्ही सोडायचा नाही.

उंचीप्रमाणे वजन बघायचं. साधारण पाच फुटांच्या, म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ४२ ते ५२ किलोच्या मध्ये असेल तर ठीक आहे. ४२ च्या खाली असेल तर तिला खाणं वाढवायचं आहे. ५२ च्या वर गेलं की लक्ष द्यायला लागायचं, आणि ५६ च्या वर गेलं तर आशाताईंशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी नक्की बोलायचं. दुसरी खूण म्हणजे पोटाचा घेर. गटात शिवणकाम करणारी एक तरी असतेच, तिचा टेप घ्या. बाईच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला तर साखरेच्या आणि हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. हातपाय बारीक आणि पोट मोठं अशा बायांनी हे माप जरूर घ्यावं.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर वजन उतरवायचा विचार आत्ता बाजूला ठेवा.

वजन वाढतं कसं, तेही आपल्याला माहीत आहे. आवणीच्या दिवसांत बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. तेव्हा भाताचं ताट मोठं असतं आणि ते अंगाला लागत नाही. पण आवणी संपली, कापणी झाली, तरी ताट तेवढंच राहतं. कुणी मुरबाड एमआयडीसीत पॅकिंगला जाते, कुणी आसनगावला कंपनीत, कुणी दिवसभर शिलाई मशीनवर बसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने ५५ किलो वजनाच्या बाईला बैठं काम असेल तर दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात, मध्यम कष्टाचं असेल तर २१३०, आणि अंगमेहनतीचं असेल तर २७२०. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ताकदीचं माप, जसं दुधाचं लिटर आणि तांदळाचं किलो. आवणी आणि शिलाई मशीन यांच्यात हजार कॅलरींचा फरक आहे. तो भरून निघाला नाही की चरबी साठते.

चॉकलेटच्या तुकड्यात असतं काय?

आपल्याकडे बरणीतल्या रुपयाच्या गोळीलाही चॉकलेट म्हणतात, आणि खऱ्या चॉकलेटला, कुठल्याही कंपनीचं असो, कॅडबरी म्हणतात. त्या कंपनीचा कारखाना ठाण्यात पोखरण रोडला होता. एसटीने ठाण्याला जाताना माजिवड्याच्या पुढे जो चौक लागतो, त्याचं नावच कॅडबरी जंक्शन पडलं. तर या दोन्ही चॉकलेटांचा हिशोब वेगळा आहे.

रुपयाची कडक गोळी म्हणजे बहुतेक नुसती साखर. चार ग्रॅमची असेल तर पंधरा-सोळा कॅलरी. खऱ्या चॉकलेटमध्ये साखर असते, कोको असतो आणि भरपूर चरबी असते. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी असतात, एक ग्रॅम चरबीत ९. म्हणून चॉकलेट आकाराने लहान आणि हिशोबाने मोठं. दुधाच्या चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये साधारण साडेपाचशे कॅलरी असतात. दहा ग्रॅमच्या तुकड्यात ५५.

वेष्टनावर हा आकडा छापलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो १०० ग्रॅमचा असतो, तुमच्या हातातल्या वडीचा नाही. म्हणून दोन आकडे बघायचे, १०० ग्रॅमच्या कॅलरी आणि वडीचं वजन. समजा छापलंय ५३० आणि वडी आहे १२ ग्रॅमची. ५३० गुणिले १२ भागिले १००, म्हणजे जवळजवळ ६४ कॅलरी. आपण व्याज काढतो त्याच रीतीने. पोरीला सांगा, मोबाइलवर एका क्षणात काढून देईल.

आणखी एक बघा. घटक पदार्थांची यादी वजनाच्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं नाव साखरेचं असेल तर तुम्ही कोकोपेक्षा साखरच जास्त विकत घेताय.

तीन गैरसमज

पहिला, काळं चॉकलेट म्हणजे डार्क चॉकलेट खाल्लं की वजन वाढत नाही. तसं नाही. त्यात साखर कमी असते पण चरबी जास्त, त्यामुळे कॅलरी दुधाच्या चॉकलेटएवढ्याच, कधी थोड्या जास्तच. फायदा एवढाच की ते कडवट असतं, एका तुकड्यात समाधान होतं, दुसऱ्याला हात जात नाही. कडू आवडत असेल तर जरूर घ्या, पण तुकडा दहा ग्रॅमचाच.

दुसरा, शुगर फ्री म्हणजे कितीही खा. शुगर फ्री चॉकलेटमध्ये साखरेऐवजी माल्टिटॉलसारखे गोडवा देणारे पदार्थ घालतात. त्यांच्यातही कॅलरी असतात, साखरेच्या साधारण निम्म्या. आणि चरबी तर जागच्या जागी असते. जास्त खाल्लं तर पोट गुबारतं, जुलाबही होतात. किंमतही जास्त असते.

तिसरा गैरसमज आपला घरचा आहे, गुळाचं केलं म्हणजे वजन वाढत नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर गुळात साधारण ३८०. वीस कॅलरींसाठी गूळ दुप्पट घालू नका. चवीसाठी गूळ वापरा, वजनासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

अदलाबदल कशी करायची

जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे एवढी ठेवली तर उत्तम. आता आपला दिवस बघा. सकाळी उठल्यावर चहा, घरातलं आवरलं की चहा, दुपारी चहा, पाहुणे आले की चहा. चार कप, प्रत्येकात दोन चमचे. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. चॉकलेटला हात न लावताच आपण पुढे निघून गेलो. पण दोष देतो चॉकलेटला, कारण चहाला आपण खाणं समजतच नाही.

प्रत्येक कपात एक चमचा कमी करा. एकदम नको, पहिल्या आठवड्यात दीड, मग एक. जिभेला सवय लागते. चार चमचे वाचले, म्हणजे ८० कॅलरी जमा. त्यातून दहा ग्रॅम चॉकलेटचा तुकडा खाल्ला, ५५ खर्च. शिल्लक २५. तुम्ही चॉकलेट खाल्लं आणि तरीही कालच्यापेक्षा कमी खाल्लं. हेच मला सांगायचंय. चॉकलेट चहाच्या वर खायचं नाही, चहातल्या साखरेच्या जागी खायचं.

अशाच आणखी जागा शोधा. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, दोन तुकड्यांपेक्षा जास्त. फोडणीत चमचाभर कमी पडला तर घरात कुणाला कळतही नाही. क्रीमच्या एका चॉकलेट बिस्किटात साधारण पन्नास कॅलरी असतात, आणि बिस्किट एकावर कधी थांबत नाही. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीच्या भरल्या ताटलीत चारशेच्या वर कॅलरी सहज जातात. त्यापेक्षा वरईचा भात आणि ताक बरं.

पण उपाशी राहून चॉकलेटची भरपाई करू नका. हे मी जोर देऊन सांगते. आपल्या घरात बाई शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते. वजन कमी करायचं ठरवलं की ती सगळ्यात आधी स्वतःची भाकरी कमी करते. दुपारपर्यंत चहावर काढते आणि चारला हात थरथरतात. अशा वेळी चॉकलेट दिसलं तर तुकडा नाही, अख्खी वडी जाते. मग ती स्वतःला नावं ठेवते, की मला ताबा नाही. ताबा नाही असं नसतं, बाई भुकेली असते. सकाळी भाकरी-भाजी, डाळ, उसळ पोटभर खाल्लेल्या बाईला चारचा तुकडा पुरतो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी ते भरपूर आहे, त्याहून घाई नको. दिवसाला हजार कॅलरींच्या खाली तर कधीच जायचं नाही.

खायचं कसं

जेवण झाल्यावर तास-दीड तासाने, बसून खा. उभ्या उभ्या, डबा उघडून, लपून नाही. लपून खाल्लेलं मोजलं जात नाही. वडी आणली की आधीच तुकडे करून डब्यात ठेवा आणि घरात सगळ्यांना वाटा. तुमच्या वाट्याचा एक तुकडा तुमचा. मुलांच्या वाट्यातलं उरलेलं संपवायची जबाबदारी तुमची नाही. तुकडा चावू नका, जिभेवर ठेवा. चॉकलेटमधली कोकोची चरबी अंगाच्या उबेने विरघळते, चव तोंडभर पसरते. दोन मिनिटं तरी पुरवा. रोज नको वाटलं तर आठवड्यातून तीन दिवस ठरवा.

घरी करायचे तीन पदार्थ

कमी खर्चात आणि कमी कॅलरीत चॉकलेटची चव हवी असेल तर बिनसाखरेची कोको पावडर आणा. बेकरीचं सामान मिळतं तिथे मिळते. पण नीट बघा, ड्रिंकिंग चॉकलेट वेगळं, त्यात साखर बरीच असते. कोको पावडर कडू असते आणि एका चहाच्या चमच्यात जेमतेम सात-आठ कॅलरी असतात. एका डब्यात दहा जणींचं काम भागतं, गटात मिळून घ्या.

पहिला पदार्थ, नाचणीची कोको पेज. दोन चहाचे चमचे भाजलेलं नाचणीचं पीठ म्हणजे साधारण दहा ग्रॅम, एक चमचा कोको, एक चमचा साखर. थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. दीड कप पाणी उकळून त्यात सोडा, ढवळत शिजवा, शेवटी पाव कप दूध घाला. चिमूटभर मीठ विसरू नका, त्याने कोकोची चव खुलते. पेलाभर पेज साधारण ९० कॅलरींची. चारच्या भुकेला ही तुकड्यापेक्षा बरी, कारण पोटाला आधार होतो. शिवाय नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

दुसरा, खजूर-शेंगदाण्याची गोळी. १०० ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर, ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, दोन मोठे चमचे कोको. शेंगदाण्याचं जाडसर कूट करा, खजुरात कोकोसकट मळा, सोळा गोळ्या करा. एका गोळीत साधारण ४० कॅलरी. साखर नाही, तूप नाही. पण गोड खजुराचंच असतं, म्हणून एक गोळी. दोन झाल्या की ८० झाल्या.

तिसरा, केळं आणि कोको. दोन वेलची केळी कुस्करा, एक चमचा कोको आणि दोन चमचे घट्ट दही घालून फेटा. साखर लागत नाही, केळं पिकलेलं घ्या. साधारण १०० कॅलरी. फ्रीज नसला तरी चालतं, केलं की लगेच खा.

काही काळजी

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. खजुराची गोळीसुद्धा. आणि साखरेची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्या बाईला अचानक घाम फुटला, थरथर झाली, तर चॉकलेट देऊ नका. चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्धीवर असेल तर साखरेचं पाणी द्या आणि दवाखान्यात न्या.

दुसरं रक्ताबद्दल. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. चहा आणि कोको दोन्ही अन्नातलं लोह अंगात मुरू देत नाहीत. म्हणून जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा, कोको, चॉकलेट घेऊ नका. निदान एक तासाचं अंतर ठेवा. गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या, त्याने लोह चांगलं मुरतं.

तिसरं आपल्या विक्री करणाऱ्या गटांसाठी. राखीपौर्णिमेला, दिवाळीला बऱ्याच गटांच्या बाया कंपाउंडच्या लाद्या वितळवून चॉकलेट करतात. कंपाउंडमध्ये कोकोच्या चरबीऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. त्याच्याही कॅलरी साध्या चॉकलेटएवढ्याच धरा. तुम्ही त्यात नाचणी घाला, शेंगदाणे घाला, छान आहे. पण लेबलवर "वजन कमी करणारं" लिहू नका. गूळ घातला असेल तर "शुगर फ्री" लिहू नका. अन्न सुरक्षेच्या कायद्यात दिशाभूल करणारा दावा हा गुन्हा आहे, आणि नोंदणी छोट्या गटालाही लागते. त्यापेक्षा एका वडीचं वजन किती आणि आत काय काय आहे, हे खरं लिहा. अशा गटावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं.

मैत्रिणींनो, आपण जत्रेला जातो, म्हशाच्या यात्रेत मिठाईच्या दुकानांपुढे उभ्या राहतो, हळदीकुंकवाला वाण घेतो, लेकीच्या निकालाला पेढे वाटतो. गोडाशिवाय आपला आनंद पुरा होत नाही, आणि तो तसा व्हावा असं मला वाटतही नाही. फक्त त्या आनंदात बाईला स्वतःबद्दल लाज वाटू नये, आणि तिचे गुडघेही साठीपर्यंत टिकावेत.

येत्या बैठकीसाठी एक काम देते. प्रत्येकीने घरात आलेल्या चॉकलेटचं किंवा बिस्किटाचं एक रिकामं वेष्टन घेऊन या. मधोमध बसून त्याच्या कॅलरी काढा, वहीच्या मागच्या पानावर लिहा. शेजारी आपला चहाचा हिशोबही लिहा, दिवसाला किती कप, किती चमचे. एका महिन्याने तेच पान उघडा आणि टेपने घेर मोजा. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.